टॅकोमाच्या धुराड्याखालची माती: परसबाग करण्याआधी

सिएटलच्या दक्षिणेला, टॅकोमा शहराला खेटून, रस्टन नावाचं एक लहान गाव आहे. तिथे कमेन्समेंट बे या खाडीच्या काठावर १८९० मध्ये धातू गाळण्याचा कारखाना सुरू झाला. आधी शिसं गाळलं जाई. १९०५ मध्ये असार्को कंपनीने तो विकत घेतला आणि १९१२ पासून तिथे तांबं निघू लागलं. १९८५ मध्ये तांब्याची भट्टी बंद झाली, १९८६ च्या सुरुवातीला सोमल (आर्सेनिक ट्रायॉक्साइड हे विष) बनवणं थांबलं आणि १७ जानेवारी १९९३ रोजी साडेपाचशे फुटांहून उंच असलेलं ते धुराडं सुरुंग लावून पाडलं गेलं. जवळजवळ शंभर वर्षं त्यातून जे बाहेर पडलं, ते किंग, पियर्स, किटसॅप आणि थर्स्टन या चार काउंट्यांत मिळून हजार चौरस मैलांहून मोठ्या भागावर बसलं आहे. ते म्हणजे मुख्यतः आर्सेनिक आणि शिसं. ही विषारी मूलद्रव्यं. त्यांचं विघटन होत नाही. कोणी खणून हलवली नाहीत तर ती पडली तिथेच राहतात.

हे मराठीत लिहिण्याचं कारण असं की सिएटलच्या आसपास नोकरीला आलेली बरीच मराठी कुटुंबं घर घेताना दक्षिणेकडे वळतात, कारण बेलव्ह्यू-रेडमंडपेक्षा तिकडे घरं स्वस्त पडतात. फेडरल वे, डी मॉइन, ब्युरियन, युनिव्हर्सिटी प्लेस, गिग हार्बर, व्हॅशन बेट, खुद्द टॅकोमा. घराला अंगण असतं, एप्रिल उजाडला की मेथी-कोथिंबिरीचे वाफे होतात, उन्हाळ्यात आई-बाबा येऊन राहतात आणि नातवंडांना घेऊन मातीत हात घालतात. हे सगळं करता येतं. फक्त माती आधी तपासायला हवी आणि ती कशी हाताळायची हे ठाऊक हवं.

हा धातू इतका दूर कसा पोचला? रस्टनची भट्टी आर्सेनिक जास्त असलेलं धातुपाषाण गाळण्यासाठी ओळखली जायची, आणि वेगळं काढलेलं आर्सेनिक सोमल म्हणून विकलं जायचं. सोमल सुमारे दोनशे अंश सेल्सिअसपासूनच वाफ होऊन उडू लागतो. धूर गरम असताना तो धुळीच्या रूपात नसतोच, त्यामुळे धूळ पकडणाऱ्या यंत्रातून सरळ पार होतो. धुराड्याबाहेर थंड हवा लागली की त्या वाफेचे अतिसूक्ष्म कण होतात आणि वाऱ्यावर मैलोन् मैल जातात. जाडसर, शिसं असलेली धूळ त्यामानाने जवळ पडते. धुराडं उंच केल्याने रस्टनच्या लोकांच्या नाकातला धूर थोडा कमी झाला असेल, पण एकूण धातू तेवढाच राहिला. तो जास्त गावांत वाटला गेला, एवढंच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्याजवळच्या मुलांच्या लघवीत आर्सेनिक वाढलेलं आढळलं आणि अंतर वाढेल तसं ते कमी होत गेलं, तेव्हा या गोष्टीकडे दुर्लक्ष करणं अशक्य झालं. १९८३ मध्ये हा परिसर केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीत, म्हणजे साफ करायच्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत, गेला.

अंतर हा एक भाग झाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माती कधी हलली होती का. आकाशातून पडलेला धातू वरच्या सहा इंचांत अडकून राहतो, कारण आर्सेनिक मातीतल्या लोहाच्या संयुगांना चिकटतं आणि शिसं सेंद्रिय द्रव्याला. म्हणून जुनी, सुंदर, मोठाली झाडं असलेली, कधी न खणलेली अंगणं सर्वांत संशयास्पद असतात. १९८६ नंतर डोंगर कापून, वरची माती खरवडून बांधलेल्या वसाहतीत बहुतेक वेळा कमी सापडतं, पण खरवडलेली माती त्याच वसाहतीच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवलेली असू शकते. घर बघायला गेल्यावर एजंटला शेजारची शाळा कशी आहे हे विचारतोच. त्याबरोबर घर कधी बांधलं आणि अंगणात भराव घातला होता का, हेही विचारावं. गाडीरस्त्यावर किंवा फुलझाडांच्या कडेला काळ्या, काचेसारख्या चकाकणाऱ्या, हाताला जड लागणाऱ्या खड्या दिसल्या तर त्या भट्टीची मळी, म्हणजे धातू गाळून उरलेला कचरा (स्लॅग), असू शकतात. ती मळी पूर्वी भराव आणि रस्त्याची खडी म्हणून सर्रास वापरली गेली. तिच्यात धातूचं प्रमाण आजूबाजूच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून ती दिसली तर फोडू नये, झाडू नये, वरून झाकून ठेवावी आणि आरोग्य खात्याला कळवावं.

राज्याच्या इकॉलॉजी खात्याचा नकाशा इंटरनेटवर आहे. त्यात पत्ता टाकला की त्या भागातला अंदाजी आकडा दिसतो. काउंट्यांची आरोग्य खाती ‘डर्ट अलर्ट’ या नावाने माहिती देतात. २००५ मध्ये असार्कोने दिवाळखोरी जाहीर केली आणि २००९ मध्ये त्या खटल्यातून वॉशिंग्टन राज्याला १८ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, त्यांपैकी सुमारे साडेनऊ कोटी या धुराच्या पट्ट्यासाठी. त्या पैशातून सर्वाधिक प्रदूषित भागातली अंगणं, शाळांची आणि पाळणाघरांची मैदानं तपासली आणि बदलून दिली गेली. आपलं घर त्यात येतं का, आधीच्या मालकाच्या काळात माती बदलली होती का, हे फोन करून विचारायला काहीच लागत नाही. नकाशा मात्र फक्त अंदाज देतो. शेजारच्या दोन अंगणांत दहापट फरक असू शकतो.

नमुना घेताना बहुतेकांची चूक एकच होते: सगळ्या अंगणातली माती एका पिशवीत. पाच ठिकाणांपैकी चार ठिकाणी १० पीपीएम (म्हणजे एका किलो मातीत १० मिलिग्रॅम) आणि एका ठिकाणी २०० पीपीएम असेल, तर मिश्रणाचा आकडा ४८ येतो. त्या आकड्याने ना स्वच्छ कोपरा कळतो, ना धोक्याचा. म्हणून अंगणाचे इतिहासाप्रमाणे भाग करा: पुढची हिरवळ, मागची हिरवळ, मुलं खेळतात ती जागा, वाफ्याची जागा, जुन्या झाडाखालची जागा, आणि छपराच्या पागोळ्या पडतात ती भिंतीलगतची पट्टी. प्रत्येक भागात पाच-सहा ठिकाणं घ्या. गवत सुरीने उचलून त्याच्या मुळांना चिकटलेली माती पिशवीतच झटका, कारण सर्वांत वरचा थर तोच आणि बरेच जण तो गवताबरोबर फेकून देतात. पहिला नमुना वरच्या दोन इंचांचा, दुसरा दोन ते सहा इंचांचा, वेगवेगळ्या पिशव्यांत. स्टीलचा चमचा किंवा खुरपं वापरा, जस्ताचा मुलामा दिलेलं नको. एका भागातून दुसऱ्यात जाताना ते धुऊन पुसून घ्या. एका भागाची माती स्वच्छ प्लास्टिकच्या टबात नीट मिसळून, खडे-काटक्या काढून, साधारण पाव किलो झिपच्या पिशवीत भरा. पिशवीवर भाग, खोली आणि तारीख लिहा, आणि कागदावर अंगणाचा कच्चा नकाशा काढून ठिकाणं मांडून ठेवा. आकडे हातात आल्यावर तो कागद नसेल तर सगळं वाया.

तपासणीचे दोन मार्ग आहेत. हातात धरायचं क्ष-किरण यंत्र, ज्याला एक्सआरएफ म्हणतात, ते मिनिटाभरात आकडा सांगतं. त्याच्या दोन अडचणी आहेत. ओल्या मातीत, ओलावा वीस टक्क्यांवर असला की, आकडा कमी दिसतो. आणि प्युजेट साउंडची माती ऑक्टोबर ते मे ओलीच असते. दुसरी अडचण जास्त खोलातली आहे. यंत्र प्रत्येक धातू त्याच्या ठराविक ऊर्जेच्या क्ष-किरणांवरून, म्हणजे ‘रेषां’वरून, ओळखतं. आर्सेनिकची मुख्य रेषा आणि शिशाची एक ठळक रेषा या दोन्ही साडेदहा किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ, एकमेकींवर पडतात. शिसं खूप असेल तिथे यंत्राला थोडं आर्सेनिक वेगळं ओळखता येत नाही. या पट्ट्यात दोन्ही एकत्रच असतात, त्यामुळे एक्सआरएफ ठिकाणं निवडायला वापरावं आणि निर्णय प्रयोगशाळेच्या आकड्यावर घ्यावा. प्रयोगशाळेत माती वाळवून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून, आम्लात उकळून आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजतात. देताना ‘एकूण आर्सेनिक आणि एकूण शिसं, कोरड्या वजनावर’ असं स्पष्ट लिहून द्या. शेतीच्या प्रयोगशाळा खतासाठी जी तपासणी करतात तिच्यात सौम्य द्रावणात सुटणारा भागच मोजला जातो. तो आकडा इथल्या मर्यादांशी ताडून पाहता येत नाही.

आता आकडे कसे वाचायचे. इथल्या मातीत मुळात आर्सेनिक साधारण ७ पीपीएमपर्यंत असतंच. राज्याची स्वच्छतेची मर्यादा आर्सेनिकसाठी २० आणि शिशासाठी २५०. रस्टन आणि उत्तर टॅकोमातल्या सुपरफंड पट्ट्यात मात्र केंद्राने माती उचलण्यासाठी २३० आणि ५०० हे आकडे धरले. म्हणजे २० ते २३० च्या मध्ये मोठा टप्पा आहे, जिथे माती स्वच्छ म्हणता येत नाही आणि केंद्राने ती उचलूनही नेली नाही. बरीच घरं याच टप्प्यात येतात, आणि तिथेच घरमालकाच्या सवयींना महत्त्व येतं.

एक हिशोब करून पाहू. जोखमीच्या गणितात लहान मूल दिवसाला २०० मिलिग्रॅम माती गिळतं असं पूर्वापार धरत आले आहेत: बोटं तोंडात, जमिनीवर पडलेलं खेळणं तोंडात, घरातल्या धुळीतून. माती २० पीपीएमची असेल तर ते ४ मायक्रोग्रॅम आर्सेनिक झालं, २०० पीपीएमची असेल तर ४०. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. मातीतलं सगळं आर्सेनिक शरीरात शोषलं जात नाही, त्यामुळे ही तुलना थेट नाही. पण दोन अंगणांतला फरक किती मोठा आहे ते यातून दिसतं. लक्षात घेण्याची मुख्य गोष्ट ही की धातू भाजीच्या मुळातून जितका ताटात येतो त्यापेक्षा हाताला, बुटाला आणि पानाला चिकटलेल्या मातीतून जास्त येतो. लोक भाजीला घाबरतात आणि बूट घालून घरभर फिरतात.

त्यामुळे सुरुवात दारापासून. बूट बाहेर काढायची आपल्याकडची पद्धत इथे अक्षरशः औषध आहे. पाहुण्यांनाही संकोच न करता सांगा. दारात आत आणि बाहेर खरखरीत पायपुसणी. कोरडा झाडू नको, तो धूळ हवेत उडवतो; ओल्या फडक्याने पुसावं आणि गालिच्यावर हेपा गाळणी असलेला व्हॅक्यूम फिरवावा. कुत्रा असेल तर त्याचे पंजे पुसावे. बागकामाचे कपडे आणि हातमोजे वेगळे ठेवावे, वेगळे धुवावे. उन्हाळ्यात माती खणायची असेल तर आधी तिच्यावर पाणी शिंपडावं. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावे. जंतुनाशक जेलने जंतू मरतात, धातू हातावरच राहतो.

अंगणात उघडी माती ठेवू नये. दाट हिरवळ हे सर्वांत स्वस्त झाकण. झोक्याखाली, घसरगुंडीखाली गवत टिकत नाही. तिथे पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड अंथरून वर लाकडाच्या ढलप्यांचा चांगला सहा इंचांचा थर द्यावा आणि दर वर्षी कुजून खाली बसेल तेवढी भर घालावी. प्लास्टिकची ताडपत्री घालू नये, पाणी साचतं. खाली नारिंगी जाळी टाकली तर दहा वर्षांनी खणणाऱ्याला कळतं की यापुढे जुनी माती आहे.

राज्याने मान्य केलेले उपाय चार: माती उचलून नेणं, खोलवर मिसळणं, जागच्या जागी झाकणं, आणि एका ठिकाणी गोळा करून झाकणं. मिसळण्याचा मोह पडतो कारण ते स्वस्त आहे. वरच्या सहा इंचांत ६० पीपीएम आणि खालच्या बारा इंचांत ७ असेल तर अठरा इंच नीट मिसळल्यावर सरासरी २५ च्या आसपास येते, म्हणजे मर्यादेच्या वरच राहते. भाड्याने आणलेलं नांगरणीचं छोटं यंत्र तर सात-आठ इंचच खणतं, त्यामुळे प्रत्यक्षात फारसं काही पातळ होत नाही आणि खालची स्वच्छ माती मात्र बिघडते. मिसळायचंच असेल तर आधी खोलीप्रमाणे मोजा, नंतर पुन्हा मोजा.

परसबागेसाठी खरा उपाय म्हणजे उंच वाफा. चार बाय आठ फुटांचा, एक फूट उंच वाफा घेतला तर ३२ घनफूट, म्हणजे सव्वा घनयार्डाच्या जवळ माती लागते. दुकानातल्या पिशव्यांपेक्षा ट्रकने आणलेली परवडते, पण ती कुठून खणली हे विचारा आणि तपासणीचा कागद मागा. याच पट्ट्यातली वरची माती विकत आणली तर सगळी मेहनत फुकट. तळाला जिओटेक्स्टाइल, भोवतीच्या वाटेवर ढलप्या. चौकटीला नवीन, मुलामा न दिलेला देवदार चालतो. २००४ पूर्वीचं हिरवट झाक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड घेऊ नका, त्यात तांब्याबरोबर आर्सेनिकच भरलेलं असे. जुने रेल्वेचे स्लीपरही नकोत.

जुन्या जमिनीतच लावायचं असेल आणि आकडा फार वर नसेल, तर टोमॅटो, घेवडा, वाटाणा, काकडी, दुधी, भोपळा ही फळभाज्यांची पिकं त्यातल्या त्यात सुरक्षित. फळात धातू कमी पोचतो. मुळा, मोहरी, केल ही मोहरीच्या कुळातली पिकं आणि लेट्यूस यांचा वाफा उंचच हवा, कारण ती आर्सेनिक त्यामानाने जास्त घेतात. पालक, मेथी, कोथिंबीर पावसाच्या शिंतोड्यांनी मातीने माखतात. ओळींमध्ये गवताचं आच्छादन द्या, बाहेरची पानं काढून टाका, एका लिटर पाण्यात दहा मिलिलिटर व्हिनेगर घालून त्यात बुडवून मग वाहत्या पाण्याखाली धुवा. कंदमुळं सोलूनच खावीत, आणि साल कंपोस्टात टाकू नये.

खताच्या बाबतीत एक सापळा आहे. शिसं बांधून ठेवायला फॉस्फेट घाला, हा सल्ला ठिकठिकाणी मिळतो, आणि फक्त शिसं असेल तिथे तो बरोबरही आहे. पण फॉस्फेट आणि आर्सेनेट (मातीतल्या आर्सेनिकचं एक रूप) यांची रचना इतकी सारखी आहे की फॉस्फेट आर्सेनिकला लोहावरून ढकलून स्वतः तिथे बसतं, आणि सुटलेलं आर्सेनिक मुळांकडे जातं. चुन्याचंही तसंच: थोडा चुना शिशाला आवरतो, जास्त झाला आणि सामू (पीएच) सातच्या वर गेला की आर्सेनिक मोकळं होऊ लागतं. या पट्ट्यात सामू साडेसहाच्या आसपास ठेवावा, मातीच्या तपासणीत कमतरता दिसली तरच फॉस्फेट घालावं. आर्सेनिक शोषणारं नेचं (फर्न) लावून माती साफ करू, असंही काही जण म्हणतात. त्या नेच्याचा गुण खरा आहे, पण इथल्या गार हवेत ते फोफावत नाही, अनेक वर्षं लागतात, आणि कापलेली पानंच विषारी कचरा होतात. मुलं लहान असताना एवढी वाट बघणं योग्य नाही.

भिंतीलगतच्या पट्टीत शिसं खूप आणि आर्सेनिक जवळजवळ नाही असं आलं, तर त्याचा धुराड्याशी संबंध नाही. तो बहुधा १९७८ पूर्वीच्या घराचा शिसं असलेला रंग आहे. तिथे उपाय वेगळा: आधी रंग, मग माती.

मुलांच्या रक्तातलं शिसं डॉक्टरांकडे सहज तपासता येतं. डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम हा २०२१ पासूनचा संदर्भ आकडा आहे. बोट टोचून घेतलेला नमुना वर आला तर घाबरण्याआधी शिरेतून पुन्हा घ्यायला सांगा, कारण बोटावरच्या मातीनेही आकडा फुगतो. आकडा खरंच वर असेल तर अंगणाबरोबर घरातल्या वस्तूही पाहा: सुरमा, काही प्रकारचं काजळ आणि कुंकू, भारतातून सुटी आणलेली हळद, जुनी ॲल्युमिनियमची भांडी आणि कुकर. अशा भांड्यांतून शिसं उतरतं हे किंग काउंटीत दिसून आल्यावर २०२४ मध्ये वॉशिंग्टनने भांड्यांतल्या शिशावर कायदाच केला. आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असेल तर शिसं कमी शोषलं जातं. नाचणी, डाळी, दूध, दही रोजच्या जेवणात असू द्या.

आर्सेनिकसाठी रक्त नव्हे, लघवी तपासतात, आणि ती फक्त गेल्या काही दिवसांचं सांगते. तपासणीआधी किमान तीन-चार दिवस मासे, कोळंबी, समुद्री शेवाळ बंद ठेवा, नाहीतर माशांतल्या निरुपद्रवी आर्सेनिकमुळे आकडा उगाच मोठा येतो. प्रयोगशाळेला आर्सेनिकचे प्रकार वेगळे करून द्यायला सांगा. भात रोज खाणाऱ्या घरात थोडं असेंद्रिय आर्सेनिक भातातूनही येतं, तेही डॉक्टरांना सांगावं. जास्त पाण्यात शिजवून पाणी ओतून दिलं तर ते बरंच कमी होतं. नमुना मुलं बाहेर खेळतात त्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावा. जानेवारीत घेतलेला नमुना अंगणाबद्दल फारसं काही सांगणार नाही.